गुलाबी गोळी, पिवळी गोळी

भूम तालुक्यात आमची खव्याची भट्टी आहे. धाकटा तिसरीत असताना त्याचा ताप हटेना, पोटऱ्यांवर निळे डाग उठायला लागले. जो तो सांगे, "रक्त कमी झालंय, टॉनिक चालू करा." टॉनिकच्या दोन बाटल्या संपेपर्यंत पोरगं भट्टीच्या कडेला बसून राहायचं, गरम खवा पुढे केला तरी तोंड फिरवायचं. शेवटी बार्शीला रक्त तपासलं. ब्लड कॅन्सर निघाला.

भूम-परंड्याच्या गावांतल्या कॅन्सरची नोंद बार्शीत १९८७ पासून ठेवतात. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. त्यात आता आमच्या घराचंही नाव लागलं.

परळला टाटामध्ये उपचार झाले. पुढे घरी द्यायच्या गोळ्यांत आठवड्यातून एकदाची बारीक पिवळी गोळी होती, मेथोट्रेक्सेट. पोरगं परत शाळेत जायला लागलं आणि तिथं आठवड्याला मिळणारी लोह-फॉलिकची गुलाबी गोळीही घ्यायला लागलं. अंगात ताकद यावी म्हणून बायकोने टॉनिकही पुन्हा सुरू केलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय देता?" तिने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. मोठ्या विश्वासाने ठेवली.

डॉक्टर रागावले नाहीत. बाटलीवरचं फॉलिक ॲसिडचं नाव दाखवून त्यांनी समजावलं. फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व, वाढणाऱ्या प्रत्येक पेशीला लागतं, कॅन्सरच्या पेशीलाही. मेथोट्रेक्सेट दिसायला त्याच्याचसारखं, पण ते पेशीत जाऊन फॉलिकचं काम अडवतं. मला शेतातलंच आठवलं : तणनाशक मारायचं आणि त्याच तणाला युरियाही टाकायचा!

नंतर मी यावर मिळेल ते वाचलं. टाटाच्या जवळच, परळच्याच हाफकिन संस्थेत, लुसी विल्स नावाच्या डॉक्टरबाईंनी काम केलं होतं. मुंबईतल्या गरोदर बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली मांडलं. त्या अर्कातला गुण फॉलिकचा होता. पुढे बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ब्लड कॅन्सरच्या मुलांना फॉलिकच देऊन पाहिलं, तर आजार उलट भडकल्यासारखा वाटला. मग यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतलं फॉलिकविरोधी औषध त्यांनी वापरलं. १९४८ साली त्यांनी १६ मुलांची हकीकत छापली. त्यातली १० काही काळ सुधारली होती. आमची पिवळी गोळी त्याच घराण्यातली.

एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरवर 'अ' जीवनसत्त्वापासून केलेलं औषध खरोखर चालतं. पण ते रुग्णालयात, मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात. दुकानातल्या व्हिटॅमिनच्या डब्याशी त्याचा संबंध नाही, आणि तो आहे असं सांगून डबे विकणाऱ्यांची मला चीड येते.

शाळेत मी चिठ्ठी दिली, गुलाबी गोळी थांबवली. बाकीच्या पोरांना ती हवीच, त्यांची बंद करू नका. आमचा आता सहावीत आहे, गेल्या दिवाळीला औषधं संपली. तुमच्या घरात असा आजार असेल, तर तपासणीला जाताना फाईलबरोबर टॉनिकची बाटली, काढ्याची पुडी, शाळेतली गोळी, सगळं घेऊन जा आणि डॉक्टरांना दाखवा.