डाउन गाडीतला एदू

डोंबिवलीकर असाल तर पुढची ओळ वाचून हसाल. नसाल तर समजावून सांगावं लागेल. आम्ही लोक सकाळी मुंबईला जाण्यासाठी आधी कल्याणला जातो. म्हणजे चक्क उलटे. कारण कल्याणहून किंवा त्याच्याही पलीकडून येणारी फास्ट डोंबिवलीला लागते तेव्हा ती आधीच भरून आलेली असते. दारात लटकायची हौस असेल तर या, नाहीतर पुढची बघा. आणि पुढचीही तशीच. मग शहाणा डोंबिवलीकर काय करतो? डाउन प्लॅटफॉर्मवर जातो, कल्याणकडे निघालेल्या गाडीत बसतो आणि तीच गाडी परत फिरली की खिडकीत बसून, आपल्याच स्टेशनवरच्या गर्दीकडे निर्विकारपणे बघत मुंबईकडे निघतो. याला ‘रिटर्न येणं’ म्हणतात. कल्याणकर शिव्या घालतात. (पास मात्र कल्याणपर्यंतचा हवा बरं का. टीसीला या बाबतीत अजिबात विनोदबुद्धी नसते.)

तर, एदू बेदिया नावाचा एक स्पॅनिश मिडफिल्डर २०१७मध्ये असाच रिटर्न आला. माझ्या मते तरी.

त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते नेरूळला. २५ ऑक्टोबर २०१७, बुधवार. भारतात अंडर-१७ वर्ल्ड कप चालू होता आणि डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेन विरुद्ध माली अशी सेमीफायनल होती. मी चक्क सुट्टी टाकली आणि ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडली. सोबत ऑफिसातला मित्र. राहायला कळव्याला, मूळचा म्हापशाचा. त्याला आम्ही सगळे गोंयकारच म्हणायचो. स्पेनने ३-१ अशी मॅच मारली. आबेल रुईझचे दोन गोल, फेरान तोरेसचा एक. सतराव्या वर्षी ती पोरं असा बॉल फिरवत होती की मला माझ्या सतराव्या वर्षाची लाज वाटली. माझं ते वर्ष सीईटीच्या क्लासमध्ये गेलं होतं.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, ‘‘काय लाइफ आहे यांचं! आता थेट बार्सिलोना, रिअल माद्रिद...’’

‘‘दोघं-तिघं जातील,’’ गोंयकार म्हणाला. ‘‘बाकीचे कुठं जातात, माहितेय?’’

‘‘कुठं?’’

‘‘दुसऱ्या डिव्हिजनला. त्यातला एक या सीझनला आमच्या एफसी गोवाकडे आलाय. बार्सिलोनाच्या बी टीममध्ये होता.’’

बी टीम! मी त्या वेळी बीकेसीतल्या एका भल्या मोठ्या आयटी कंपनीत होतो आणि नेमका बेंचवर होतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : आयटीत बेंच म्हणजे तुम्हाला पगार मिळतो, कार्ड स्वाइप होतं, कॅन्टीनमध्ये इडलीही मिळते, फक्त काम मिळत नाही. ऑनसाइटच्या यादीत माझं नाव तीन वर्षं होतं. ‘नेक्स्ट क्वार्टर’ हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले होते की आई देवळात माझ्या लग्नासाठी नवस बोलायची तेव्हा मला वाटायचं, देवही तेच सांगत असणार.

त्या रात्री मी घरी येऊन बेदियाची सगळी कुंडली काढली. जन्म मार्च १९८९, सान्तान्देरचा. म्हणजे माझ्याच वर्षाचा. आपल्या गावच्या रेसिंग सान्तान्देर क्लबमध्ये शिकला, मोठा झाला. आता हा पोरगा विशीत येतो तो काळ बघा. स्पेन २००८ साली युरो जिंकतो, २०१० साली वर्ल्ड कप जिंकतो, २०१२ साली पुन्हा युरो. आणि हे सगळं कोणाच्या जोरावर? मिडफिल्डर्सच्या! शावी, इनिएस्ता, बुस्केत्स, फाब्रेगास, दाविद सिल्वा, काझोर्ला, माता... जगातल्या कुठल्याही देशात यातला एकेक जण पहिल्या नावाने टीममध्ये गेला असता. स्पेनमध्ये ते एकमेकांना बाकावर बसवत होते. स्ट्रायकर असतास तरी ठीक होतं रे बाबा, पण त्या देशात, त्या वर्षी जन्माला येऊन मिडफिल्डर? ही तर कल्याणहून भरून आलेली गाडी!

पुढे तो बार्सिलोनाच्या बी टीममध्ये गेला. बी टीम म्हणजे तुम्ही शावी-इनिएस्ताच्या क्लबचाच शर्ट घालता, पण त्यांच्या शेजारी उभं राहण्यासाठी त्यांच्यापैकी कोणीतरी म्हातारं व्हावं लागतं. ते दार काही उघडलं नाही. मग रेआल ओव्हिएदो, मग सारागोसा, दोन्ही दुसऱ्या डिव्हिजनला. आणि २०१७च्या उन्हाळ्यात, अठ्ठाविसाव्या वर्षी, हा माणूस उठून गोव्याला आला.

अठ्ठाविसाव्या! हे महत्त्वाचं आहे. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये तोवर परदेशी स्टार यायचे ते निवृत्तीच्या वाटेवर हार घालून घ्यायला. रोबेर पिरेस २०१४मध्ये गोव्याकडून खेळला तो चाळिशी ओलांडून. दिएगो फॉर्लान आपल्या मुंबई सिटीकडे आला तेव्हा ३७ वर्षांचा होता. आम्हीही त्यांना तसंच बघायचो, लग्नात आलेल्या पाहुण्यासारखं. बेदिया पाहुणा नव्हता. तो चांगला जोरात असताना आला होता, खेळायला आला होता.

मग दर सीझनला कळव्याला गोंयकाराच्या हॉलमध्ये आमची बैठक बसू लागली. सर्जिओ लोबेरा नावाच्या स्पॅनिश कोचने गोव्याला असं खेळायला लावलं होतं की सोलकढीचा ग्लास हातातच राहायचा. गोल करायचा कोरो, टाळ्याही त्यालाच. पण मी हळूहळू बेदियाकडेच बघायला लागलो. मिडफिल्डर काय करतो हे मला तोवर कधी नीट कळलंच नव्हतं. लोकलमध्ये एक माणूस असतो बघा, दोन सीटच्या मधल्या जागेत उभा. त्याला सगळं ठाऊक असतं. हा घाटकोपरला उतरणार, तो ठाण्याला, त्या काकांचे गुडघे दुखतात. ‘‘तुम्ही इकडे या, बॅग वर द्या, यांना पुढे सोडा.’’ पाच मिनिटांत डब्याचा गुंता सुटतो. तो स्वतः मात्र शेवटपर्यंत उभाच. बेदिया हे करायचा. बॉल यायच्या आधी मान वळवून मागे एकदा बघून घ्यायचा आणि बॉल आला की तो कुठे जाणार ते त्याचं ठरलेलं असायचं. मडगावचा ब्रँडन फर्नांडिस, मंदार राव देसाई, लेनी रॉड्रिग्ज ही आपली गोव्याची पोरं त्याच्या आजूबाजूला मोकळी पळायची.

२०१९च्या मार्चमध्ये माझ्यापुढे एक ऑफर आली. ठाण्यात वागळे इस्टेटमधली वीस-बावीस जणांची कंपनी, हॉस्पिटलांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी. टीम माझी, निर्णय माझे, पगार थोडा कमी. आणि काचेची बिल्डिंग नाही. खाली वेल्डिंगचं वर्कशॉप, वर आम्ही.

घरी सांगितलं तर बाबा वरण-भाताचा घास हातात धरून बघतच राहिले. बाबांनी तीस वर्षं वागळे इस्टेटमध्येच काढली होती. मशीन शॉपमध्ये, शिफ्टमध्ये. ठाणे स्टेशनवरून टीएमटीच्या बसला लोंबकळत. त्यांचं एकच म्हणणं असायचं, पोराने ठाण्याच्या पुढे जावं. आणि पोरगा कुर्ल्यापर्यंत जाऊन परत फिरत होता.

‘‘एवढी मोठी कंपनी सोडून वागळे इस्टेट?’’ ते म्हणाले. ‘‘लोकांना काय सांगू मी?’’

मला काही सुचेना, तेव्हा मी त्यांना बेदियाची गोष्ट सांगितली. सान्तान्देर, बार्सिलोना, बी टीम, गोवा, सगळी. बाबा क्रिकेटवाले. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे तोही वागळे इस्टेटलाच आला म्हण की.’’ आणि हात धुवायला उठले.

सोमवारी सकाळी मला होकार की नकार कळवायचा होता. रविवारी, १७ मार्चला, अंधेरीत आयएसएलची फायनल होती, गोवा विरुद्ध बेंगळुरू. गोंयकार आणि मी घाटकोपरला उतरून मेट्रोने आझाद नगर गाठलं. मला मनातून वाटत होतं (आता सांगायला हरकत नाही) की गोवा जिंकला तर तो कौल समजायचा. तीस वर्षांचा इंजिनीअर माणूस, पण देवळातल्या आईहून काही वेगळा नव्हतो मी.

नव्वद मिनिटं ०-०. एक्स्ट्रा टाइममध्ये गोव्याचा अहमद जाहू रेड कार्ड घेऊन बाहेर गेला. पेनल्टीला तीन मिनिटं उरली असताना बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. घेतला कोणी, तर दिमास देल्गादोने. तोही स्पॅनिश, तोही मिडफिल्डर! आणि हेडर मारला आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने. १-०. बाजूचा एक गट ‘‘भेके, भेके’’ करत नाचायला लागला. मराठी आडनाव ऐकून माझेही हात टाळीसाठी वर गेले होते. तेवढ्यात गोंयकाराचा चेहरा दिसला आणि मी ते खिशात घातले.

रात्रीच्या कर्जत स्लोमध्ये खिडकीची जागा मिळाली. दोघंही बोलत नव्हतो. कौल तर साफ विरोधात गेला होता. पण गंमत अशी, की मला त्या रात्री स्कोअर आठवतच नव्हता. आठवत होतं ते एवढंच, की बेदिया फायनल खेळत होता आणि मी तीन वर्षं कुठलीच मॅच खेळलो नव्हतो. कळव्याला गोंयकार उतरला. पुढे मुंब्र्याच्या अलीकडे मी मोबाइलवर दोन ओळींचा मेल लिहून टाकला. नेटवर्क गेलं, तो अडकला आणि दिव्याला पोहोचल्यावर आपोआप गेला. म्हणजे मधली सहा-सात मिनिटं मला विचार बदलायला मोकळी होती. मी खिडकीबाहेर खाडी बघत बसलो.

आता पुढचं सगळं फार छान झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पहिलं वर्ष जोरात गेलं. मग २०२० आलं आणि काही महिने अर्ध्या पगारावर काढले. बीकेसीतले माझे जुने मित्र तेवढ्यात अमेरिकेत पोहोचले, तिथून बर्फाचे फोटो पाठवू लागले. माझी गाडी कल्याणहून परत फिरली आहे की अजून यार्डातच उभी आहे, हे मला आजही काही दिवशी कळत नाही. बेदियाचं मात्र फिरली. गोवा २०१९चा सुपर कप जिंकला, २०२०मध्ये लीग टेबलात पहिला येऊन लीग शील्ड जिंकला आणि त्या जोरावर एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजला जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. लोबेरा तोवर मुंबई सिटीकडे आला. बेदिया गोव्यातच राहिला, कॅप्टन झाला. ३ ऑक्टोबर २०२१ला कोलकात्यात ड्युरँड कपच्या फायनलमध्ये मोहमेडन स्पोर्टिंगविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये एकमेव गोल त्याच्याच फ्री किकवर झाला. १८८८ साली सुरू झालेली ती स्पर्धा, आशियातली सगळ्यात जुनी, आणि ढाल-कप उचलणारा कॅप्टन सान्तान्देरचा! सहा सीझन खेळून २०२३मध्ये त्याने गोवा सोडलं.

पण मला विचाराल तर मी तुम्हाला त्याआधीच्या २० एप्रिल २०२१च्या रात्री घेऊन जाईन.

दुसरी लाट होती. बाबांना कोविड झाला होता. हॉस्पिटलात न्यायची वेळ आली नव्हती, पण ऑक्सिमीटरवरचा ९४चा आकडा ९३ झाला की घरात कोणी बोलत नसे. बाबा बेडरूममध्ये, दार बंद. आई ताट दाराशी ठेवायची आणि मागे सरकायची. मी हॉलमध्ये. आयपीएल चालू असूनही आतून आवाज आला, ‘‘काय रे, तुझा तो वागळे इस्टेटवाला खेळतोय ना आज?’’

मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, एकही प्रेक्षक नसताना, गोव्याची इराणच्या पर्सेपोलिसशी मॅच होती. पर्सेपोलिस म्हणजे आधीच्याच सीझनला आशियाची फायनल खेळलेली टीम. बाबा आत त्यांच्या मोबाइलवर, मी बाहेर माझ्या. आणि त्यांचं नेट माझ्यापेक्षा अर्ध्या मिनिटाने मागे.

चौदाव्या मिनिटाला ब्रँडनची फ्री किक आली आणि बेदियाने डोक्याने बॉल जाळ्यात घातला. आशियाच्या त्या स्टेजवर भारतीय क्लबचा पहिलावहिला गोल. मी बोंबललोच, ‘‘गोऽऽल!’’

‘‘थांब, थांब, सांगू नकोस!’’ दाराआडून बाबा. ‘‘माझ्याकडे अजून फ्री किकच चाललीय.’’

मी श्वास धरून बसलो. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. आतून आधी खोकल्याची उबळ आली, लांबलचक. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग, गेल्या आठ दिवसांत न ऐकलेल्या आवाजात, ‘‘गेला रे! घातला बघ वागळे इस्टेटवाल्याने!’’

चारच मिनिटांनी पर्सेपोलिसला पेनल्टी मिळाली. १-१. या वेळी मी काही बोललो नाही. बाबांना आणखी अर्धं मिनिट पुढे राहू दिलं.