सुटे पैसे

पगार झाला की पहिल्या सुट्टीला म्हातारीला बाजाराला न्यायचं हे माझं काम. म्हातारी म्हणजे आजी. पेन्सिल चौकातून चालतच. रिक्षाचे पैसे तिला जड वाटतात. पण किराणा तिला मोठ्या दुकानातलाच लागतो, एसीवाल्या. मला तिथं घुसमटतं. दारातला वॉचमन आमची पिशवी बांधून सील मारतो, मागच्या मोटारवाल्या बाईच्या पर्सकडं बघतसुद्धा नाही. मी पेटतो. म्हातारी म्हणते, "मारू दे की. आत तर सोडतोय न्हवं."

आत गेली की ती सुट्ट्या डाळींत हात घालते. तूर, मूग, हरभरा. घ्यायची एकच, पण हात सगळ्यांत, पार मनगटापर्यंत. एकदा तिथला पोरगा म्हणाला, आजी, डावानं घ्या. मला लाज वाटली. घरी येऊन मी बोललो तिला. मग तिनं सांगितलं.

तिचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेकाठी. ते उजनीच्या पाण्यात गेलं. तिथल्या वाण्याच्या ओट्याखाली उभं राहायचं, पदर पसरायचा. तो वरनं मीठ-मिरची टाकणार. पैसे पायरीवर ठेवायचे, त्यावर पाणी शिंपडून तो उचलणार. सुटे परत फेकणार. एकदा पावली घरंगळत गटारात गेली. तिची आई दिवेलागणीपर्यंत चिखल चाचपत होती. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ सालीच झाला होता. त्या ओट्यापर्यंत यायला त्याला पाय नव्हते.

त्या दिवसापास्नं मी डाळीबद्दल गप्प.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आपलं उष्टं चालत नव्हतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला. माझ्या लूमला धोटाच नाही, हवेच्या झोतानं सूत जातं. लूमला तोंड लागत नाही, आता पैशालाही हात लागत नाही, फोन दाखवला की झालं. ही सोय म्हणायची की पळवाट, मला ठरवता येत नाही.

म्हातारीला फोन नको. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या तेव्हा ज्वारीच्या कणगीतनं तिनं आठ नोटा काढल्या. घरात कुणालाच माहीत नव्हत्या. बँकेच्या रांगेत दोन दिवस उभी राहिली. तरी रोकड सोडली नाही. "तुझा आज्जा पगार गुत्त्यात ठेवायचा, मी कणगीत. फोनातला पैसा मला लपवता येतोय व्हय?"

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला. इंग्रजीत आहे, माझ्या आवाक्यातला नाही. म्हातारीच्या रुपयाचा प्रश्न मात्र तोंडपाठ आहे. काउंटरवर ती नोटा पोरीच्या तळहातावर एकेक मोजून ठेवते. पोरगी सुटे काउंटरवर ठेवते. म्हातारी उचलत नाही. हात पुढं करून उभी.

"हातात दे, बाय."

गेल्या महिन्यात एक रुपया कमी होता. पोरीनं त्याबदली चॉकलेट पुढं केलं. म्हातारी म्हणाली, रुपया पायजे. मागं रांग खोळंबली, कुणीतरी च्यायला म्हणालं. पोरगी शेजारच्या काउंटरवर रुपया मागायला गेली. म्हातारीचा हात तसाच पुढं. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी उभा राहिलो.