प्लग नसलेली गाडी

हायब्रीड गाडी घेतली की लोक तीन प्रश्न विचारतात, आणि ठरलेल्या क्रमाने विचारतात. पहिला, "चार्जिंगला किती वेळ लागतो?" दुसरा, "बॅटरी गेली तर केवढ्याला पडते?" आणि तिसरा अर्थातच, "किती देते?" पहिल्याचं उत्तर दिलं की समोरचा माझ्याकडे संशयाने बघतो. कारण या गाडीला प्लगच नाही. पेट्रोल पंपावर जायचं, इतर कुठल्याही गाडीसारखं पेट्रोल भरायचं, झालं. "मग ती इलेक्ट्रिक कशी?" असा एक उप-प्रश्न येतो आणि लिफ्टचा पाचवा मजला येईपर्यंत त्याचं उत्तर काही देता येत नाही. म्हणून म्हटलं, एकदा निवांत लिहूनच टाकू.

गाडी टोयोटा कॅमरी हायब्रीड. डिसेंबर 2024 मध्ये जे नवं मॉडेल भारतात आलं ते. आमच्याकडे आली 2025 च्या गुढीपाडव्याला. त्याआधी वर्षभर मी इलेक्ट्रिक गाडीच घ्यायची म्हणून बसलो होतो. पण आमच्या सोसायटीत बेसमेंटमध्ये चार्जर बसवायचा ठराव सलग तीन वार्षिक सभांत 'पुढील सभेत चर्चेसाठी' गेला. चौथ्या सभेची वाट बघायचा धीर माझ्यात नव्हता. असो.

आता आत काय आहे ते. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन, दोन इलेक्ट्रिक मोटर-जनरेटर आणि एक छोटी लिथियम-आयन बॅटरी. छोटी म्हणजे किती छोटी? तिच्यात जेमतेम एक युनिट वीज मावते. हो, वीजबिलावर असतं तेच युनिट. एवढ्याशा विजेवर पावणेदोन टनांच्या घरातली गाडी चालते कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर ही बॅटरी म्हणजे हार्ड डिस्क नव्हे, कॅश आहे. इलेक्ट्रिक गाडी रात्रभर साठवते आणि दिवसभर खर्च करते. ही गाडी क्षणात साठवते, क्षणात खर्च करते, पुन्हा साठवते. सिग्नलला थांबताना वेगातली जी ऊर्जा एरवी ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जाते, ती मोटर जनरेटरसारखी वापरून बॅटरीत घालते. सिग्नल सुटला की तीच वापरून निघते.

आणि गिअरबॉक्स! त्यात आपल्याला माहीत असलेले गिअरच नाहीत. मधे एक 'सूर्य', त्याच्याभोवती 'ग्रह', बाहेर एक दातेरी कडं. सूर्य एका जनरेटरला जोडलेला, ग्रहांची चौकट इंजिनला, कडं चाकांच्या आणि मोठ्या मोटरच्या बाजूला. जनरेटर किती फिरू द्यायचा एवढंच कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यातून इंजिन व चाकं यांचं नातं हवं तसं बदलत राहतं. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये पहिली प्रियस विकायला आली तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे, पुढे फक्त ती घासूनपुसून घेतलीय. इतकी वर्षं मूळ डिझाइन न बदलता चालणारं सॉफ्टवेअर मी तरी लिहिलेलं नाही. इंजिनसुद्धा अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं. म्हणजे थोडी ताकद सोडायची आणि बदल्यात पेट्रोल कमी प्यायचं. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त 41 टक्के ते कामाला लावतं. सोडलेली ताकद मोटर भरून काढते. दोघांचे मिळून 230 पीएस होतात, म्हणजे तक्रारीला जागा नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत. हायब्रीड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, त्यानंतरचं त्यानंतर.

तिसरा प्रश्न मात्र पैशांचा आहे, आणि तिथे प्रामाणिकपणे आकडे मांडायला हवेत. चाचणीतला आकडा आहे लिटरला 25.49 किलोमीटर. माझ्या पायाखाली, पुण्याच्या रहदारीत, एसी लावून 18 ते 20 मिळतं. 18 धरा. वर्षाला 12 हजार किलोमीटर आणि पेट्रोल शंभर रुपये धरा. एवढीच मोठी साधी पेट्रोल गाडी 12 देत असेल तर तिला वर्षाला एक लाखाचं पेट्रोल लागेल, हिला सुमारे 67 हजारांचं. वाचले 33 हजार. आता दुसरी बाजू बघा. गाडीची शोरूम किंमत तेव्हा 48 लाख. महाराष्ट्रात एवढ्या किमतीच्या पेट्रोल गाडीवर आरटीओचा एकरकमी कर 13 टक्के, म्हणजे सव्वासहा लाखांच्या आसपास. पेट्रोल वाचवून नुसता हा कर भरून निघायला अठरा-एकोणीस वर्षं लागतील! त्यात जीएसटीची गंमत अशी की इलेक्ट्रिक गाडीवर 5 टक्के, आणि मी घेतली तेव्हा अशा हायब्रीडवर सेस धरून 43 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून ते 40 झाले. मी पाडव्याचा मुहूर्त गाठला, सरकारने घटस्थापनेचा. तर पैसे वाचवायला म्हणून कोणी ही गाडी घेत असेल तर त्याने आधी कॅल्क्युलेटर घ्यावा.

मग कशाला घेतली, असं तुम्ही म्हणाल. मला आराम हवा होता, हे सरळ उत्तर. हिंजवडीहून घरी यायला चौदा किलोमीटरला तास लागतो. भूमकर चौकात गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असते आणि त्या तासात निम्म्याहून जास्त वेळ इंजिन बंदच असतं. बटण दाबलं की पडद्यावर 'रेडी' येतं, आवाज काहीच नाही. पहिल्या आठवड्यात बायकोने दोनदा विचारलं, "चालू झाली का?" बाहेर मात्र ती कमी वेगाला मुद्दाम एक गुणगुण सोडते, लोकांना कळावं म्हणून. आमचे वॉचमन काका म्हणतात, गाडी भजन म्हणत येते. लांबी 4.92 मीटर आहे आणि आमच्या पार्किंगचं खोकं 5 मीटरचं, तेव्हा रोज संध्याकाळी माझी एक छोटी परीक्षा असते.

पण या गाडीबद्दल खरं काही कळलं ते आबांमुळे.

आबा 34 वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. शेवटची बरीच वर्षं महाड डेपोत, 2009 ला निवृत्त झाले. जुन्या एसटीत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, बॉनेटखाली. आठ-आठ तास ते कानाशी धडधडायचं. त्याचा परिणाम म्हणा, वय म्हणा, आबांचा डावा कान जवळजवळ गेलाय. उजवा बरा आहे. मशीन आणून दिलं होतं, ते कपाटात आहे. त्यामुळे गेली काही वर्षं आमचं बोलणं म्हणजे मी ओरडणार, ते "हं" म्हणणार, आणि दोघंही दमून गप्प बसणार, असं झालं होतं.

गाडी घेऊन पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. टायर बघितले. किंमत विचारली नाही, आणि मला तेच जड गेलं. मी त्यांना मागे बसवलं. मागची सीट बटणावर आडवी होते, हाताशी एसी आणि रेडिओची कळ, काचेला पडदा. आबांनी पाच मिनिटं सगळं सोसलं आणि म्हणाले, "आम्ही साधी चालवली, जलद चालवली, निमआराम चालवली. ही पूर्ण आराम दिसते. पण मागं बसून रस्ता दिसत नाही." आणि पुढे येऊन बसले. माझ्या डाव्या बाजूला. म्हणजे त्यांचा चांगला कान माझ्याकडे!

हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. ताम्हिणीतून येता-जाता हळूहळू लक्षात आलं की मी ओरडत नाहीये.

बोलणं सुरू झालं ते गाडीवरच. समोर एक काटा असतो, डावीकडे 'चार्ज', मधे 'इको', उजवीकडे 'पॉवर'. आबांनी तो दोन वळणांत ओळखला. म्हणाले, "हे तर केपीटीएल झालं." एसटीत ड्रायव्हरचं मोजमाप दहा लिटरमागे किती किलोमीटर काढले यावर व्हायचं, त्याला ते केपीटीएल म्हणतात. "पन्नासला टेकलं की साहेब चहा पाजायचे. ब्रेक म्हणजे डिझेल विकत घेऊन रस्त्यावर ओतणं. पुढचं वळण आधी बघायचं आणि पाय उचलायचा." मी ऑनलाइन हायब्रीड चालवायच्या टिपा वाचल्या होत्या, त्या सगळ्या मिळून एवढंच सांगत होत्या. निव्याहून विळ्याला उतरताना अर्ध्या घाटात बॅटरी भरली, मग गाडी ती वीज कुठे ठेवणार? अशा वेळी ती पेट्रोल न जाळता इंजिन नुसतं फिरवून वेग धरून ठेवते. आवाज बदलल्याबरोबर आबा म्हणाले, "आता गिअरवर उतरतेय." मी मॅन्युअलची चार पानं वाचून जे समजून घेतलं होतं ते त्यांनी एका कानाने ओळखलं.

जुलैमधली गोष्ट. माणगाव सोडून महाडकडे निघालो होतो, आबा बरोबर. दासगावच्या अलीकडे पुढे काहीतरी बंद पडलं होतं, रांग लागली. पाऊस कोकणातला, तो काय सांगायचा. गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं. टपावर पडणाऱ्या पावसाशिवाय काही ऐकू येईना. बराच वेळ गेला आणि आबा म्हणाले, "इथंच. दोन हजार पाचला."

जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी तेव्हा पुण्यात पहिल्या नोकरीत होतो. दोन दिवस गावचा फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी आबा घरी पोचले आणि "गाडी अडकली होती" एवढंच म्हणाले. त्यापुढे वीस वर्षांत एक शब्द नाही. आईलाही नाही.

"मुंबईहून महाडची गाडी होती. एकतीस पॅसेंजर. पुढं पाणी, मागं पाणी. वायपर चालू, दिवे चालू, इंजिन चालू ठेवलेलं. मग म्हटलं, डिझेल उद्याला राहू दे. बंद केलं." मग थांबले. मी काही बोललो नाही. "बंद केलं तर आवाज आला. मला वाटलं मागून ट्रक येतोय. आरशात बघितलं, दिवा नाही. कंडक्टरला म्हटलं, ट्रक येतोय का बघ. तो म्हणाला, नाही. ट्रक नव्हताच."

थोड्या वेळाने म्हणाले, "चालू ठेवलं असतं तर ऐकू आलं नसतं."

रांग हलली. गाडी विजेवरच पुढे सरकली, पन्नासेक मीटर गेल्यावर इंजिन लागलं. मी विचारलं, "आबा, इंजिन असं मधेच बंद झालं की त्रास होतो का? चालू राहावं म्हणून काही करता येतं का बघतो." ते म्हणाले, "नको. बोलता येतं."

त्यानंतर त्यांनी अजून काही सांगितलंय. सकाळी काय दिसलं ते, एक बाई रात्रभर बसमध्ये कोणासाठी दूध धरून बसली होती ते. ते इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. पण ते दर वेळी गाडीतच बोलतात. घरी बसून विचारलं तर "हं".

किंमत त्यांनी अजून विचारलेली नाही. मीच एकदा सांगितली. त्यांनी मनात काहीतरी हिशोब केला, बहुधा त्यांच्या फंडाच्या रकमेशी, आणि म्हणाले, "सर्व्हिसिंग वेळेवर करत जा."

खिडकीतल्या वहीत ते आता माझ्या खेपांचं केपीटीएल लिहून ठेवतात. मी पंपावरच्या पावत्या न्यायच्या, ते भागाकार करणार. मागच्या खेपेला 197 आलं. त्यांच्या मते मी मुळशीच्या पुढे चढाला उगाच घाई केली, नाहीतर दोनशे झाले असते. येत्या शनिवारी पुन्हा जायचंय. काल फोन होता, निघायच्या आधी टायरची हवा बघून घे म्हणून.