कोपरे

पहिल्या पगारातून मी घरी एक अल्बम नेला. साल १९८९. गुबगुबीत रेक्झिनचं कव्हर, त्यावर सोनेरी गुलाब. दुकानदार त्याला ‘मॅग्नेटिक’ म्हणत होता, पण लोहचुंबक त्यात कुठेच नव्हतं. जाड पुठ्ठ्यावर गोंदाच्या बारीक रेघा, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा. पापुद्रा उचलायचा, फोटो ठेवायचा, वरून हात फिरवायचा, झालं. आईने अल्बम हातात घेतला, भाजी तोलावी तसा तोलला आणि विचारलं, “छान आहे रे. पण फोटो बाहेर कसे काढायचे?”

बाहेर कशाला काढायचेत, असं म्हणून मी हसलो होतो.

घरात तोवर एकच अल्बम होता, बाबांचा. काळी जाड पानं, मधे कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद आणि प्रत्येक फोटोला चार कोपरे. हे कोपरे म्हणजे कागदाचे छोटे त्रिकोणी खिसे. गोंद लागायचा तो खिशाच्या पाठीला, फोटोला नाही. फोटो नुसता त्यात बसलेला. बाबांकडे आग्फा क्लिक थ्री होता. त्याच्या एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो यायचे आणि बारा फोटो बाबा चार महिने पुरवायचे. मग रोल चिपळूणच्या पेठेत ‘धुवायला’ जायचा. अल्बममध्ये प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या पेन्सिलीने तारीख आणि नावं. त्यातल्या तीन फोटोंत बाबांची धाकटी आत्या होती. आईच्या पहिल्याच हळदीकुंकवाला भर बायकांत तिने आईच्या साडीवरून काहीतरी बोललेलं होतं. काय, ते आईने कधीच सांगितलं नाही. विसरलीही नाही.

‘धुवायला टाकणे’ हा शब्द किती नेमका आहे, ते मला फार उशिरा कळलं. काळा-पांढरा फोटो खरंच पाण्यात जन्मतो. कागदावर जिलेटिनचा थर आणि त्या थरात चांदीचे कण. आपण बघतो ती माणसं म्हणजे ती चांदी. (जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांपासून करतात. आमच्या सोवळ्या आजीला हे कळलं असतं, तर देव्हाऱ्याशेजारी टांगलेल्या आजोबांचं काय झालं असतं कोण जाणे.) शेवटी फोटोतलं हायपो नावाचं रसायन निघून जाईपर्यंत तो वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, जुना कागद असेल तर चांगला तासभर. धुण्यात आळस केला, तर पुढे काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. पेठेतला तो स्टुडिओवाला आळशी नसावा.

आळस नव्हता माझ्यातही. उलट उत्साह फार. पाकिटांतले सगळे रंगीत फोटो मी नव्या अल्बममध्ये लावले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बाबांच्या अल्बममधले सगळ्यात चांगले पाच फोटो, त्यात आईबाबांच्या लग्नातला एकमेव, कोपऱ्यांतून काढून मी ‘सुरक्षित’ ठेवले. दहा-बारा वर्षांत गोंदाच्या रेघा पिवळ्या होऊन पुठ्ठ्यावर उमटल्या. रंगीत फोटोंतला निळा उडत गेला आणि सगळं कुटुंब रापल्यासारखं तांबूस दिसायला लागलं. रंगीत फोटोत शेवटी चांदी उरत नाही, नुसते रंग उरतात, आणि ते कपाटाच्या अंधारातसुद्धा विटतात. फोटो सोडवायला कोणीतरी युक्ती सांगितली, की दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा ओढत न्यायचा. दोन सुटले. तिसऱ्याची पाठ फाटली. लग्नाचा चौथा होता, मी दोरा खाली ठेवला.

आमच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती. आईने मुद्दाम तिच्यावर रंग मारू दिला नव्हता. फोटोंची ट्रंक त्या रेघेच्या वर, फळीवर ठेवलेली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी त्या रेघेच्या बरीच वर गेली.

वाटेत ठिकठिकाणी अडकत मी पुण्याहून तिसऱ्या दिवशी पोचलो. घरभर घोटाभर चिखल, वीज नाही, फोन नाही. ओले फोटो दोन दिवस एकावर एक राहिले, की ते कायमचे चिकटतात किंवा त्यांना बुरशी लागते, एवढं मला तोवर माहीत होतं. म्हणून ट्रंकेविषयी विचारायचा धीरच होईना. आई मागच्या पडवीत होती. पागोळ्यांखाली लावलेल्या पिंपातलं स्वच्छ पाणी तिने परातीत घेतलं होतं आणि परातीत बाबांचा अल्बम सुटा होऊन तरंगत होता. “वाळत घालायला कोरडी जागा कुठाय? म्हणून पाण्यातच ठेवले. रोज पाणी बदलते.” जाणकारांनीही तिला तेच सांगितलं असतं, वर लवकर उरका असंही म्हणाले असते. जुन्या नऊवारीवर आम्ही एकेक फोटो चेहरा वर करून पसरला. कडा वळल्या, दोन-तीन डाग पडले. माणसं जागेवर होती.

माझा गुलाबाचा अल्बम तिने उघडलाच नव्हता. “तुझा तू बघ,” म्हणाली. पापुद्र्याने गढूळ पाणी आत धरून ठेवलं होतं. तो उचलला तसे रंग त्याच्याबरोबरच उचलून आले. लग्नाच्या फोटोवर बुरशीची लव होती. बाबांचा फेटा ओळखू येत होता, आईच्या जागी काही नव्हतं. तिने पाहिला आणि पुन्हा परातीकडे वळली. मला ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

परातीच्या तळाशी काळे त्रिकोण साचले होते. कोपऱ्यांचा गोंद विरघळला होता, पण कोपरे शाबूत होते. आईने ते चहाच्या गाळणीने गोळा केले, वर्तमानपत्रावर पसरले आणि दुसऱ्या दिवशी चष्मा लावून मोजले. एकशे बारा. म्हणजे अठ्ठावीस फोटोंचे. फोटो वाचले होते एकतीस.

“आणू नवे,” मी म्हटलं.

“काही नको,” आई म्हणाली आणि क्षणभरही न थांबता तिने आत्याबाईंचे तिन्ही फोटो बाजूला काढले.