अर्जावरची सही

गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं एक अर्ज सहीसाठीं आला. चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या सरकारी पडीक जागेंत भटक्या कुटुंबांचीं दहा-बारा पालें पडलीं होतीं. तीं उठवावींत, अशी त्यांत विनंती होती. घाण, रात्रींचा गलका, नळावरची गर्दी, सारें सविस्तर लिहिलें होतें, आणि खोटें त्यांत फारसें नव्हतें. सासूबाईंचें एक पातळ दोरीवरून नाहींसें झालें होतें. तें कोणी नेलें हें ठाऊक नसतांही त्यांचा कौल ठरलेला होता.

मामंजींनीं लेखणी हातीं घेतली तेव्हां मी चहा घेऊन उभी होतें. "हे लोक मग कोठें जातील?" एवढेंच माझ्या तोंडून गेलें.

मामंजींची हयात वकिलींत गेलेली. ते म्हणाले, "सूनबाई, जागा सर्वांची आहे, म्हणूनच ती एकानें अडवूं नये. सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं हेंच सांगितलें."

तो निकाल मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांचा. १९८१ च्या भर पावसाळ्यांत त्यांना हुसकण्याचें सरकारनें ठरविलें, तेव्हां पत्रकार ओल्गा टेलिस यांनीं व इतरांनीं दाद मागितली. पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड तेव्हां सरन्यायाधीश होते. पदपथ चालण्यासाठीं आहे, तेथें घर करण्याचा हक्क कोणास नाहीं, असें त्यांच्या पीठानें ठरविलें खरें. पण जगण्याच्या हक्कांत उपजीविकाही येते, १९७६ च्या गणनेंत ओळखपत्रें मिळालेल्यांस दुसरी जागा द्यावी, आणि ३१ ऑक्टोबरपूर्वीं कोणास हलवूं नये, हेंही त्याच निकालांत आहे. हा उरलेला अर्धा भाग मामंजींनींच जरा थांबून सांगितला. मला त्या पावसाळ्याच्या मुदतीचें फार मोल वाटतें.

आमच्या केडगांवास तर अशा आसऱ्यांचें नवल नसावें. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून निराधार मुली-बायका आणल्या. पुण्यांत प्लेग, तेथें इतक्या जणींना ठेवणें अशक्य झालें, तेव्हां त्या येथें शेतजमिनींत तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिल्या. त्यांतूनच पुढें मुक्तिसदन उभें राहिलें. रमाबाईंच्या धर्मांतराविषयीं आमच्या घरांत आजही दोन मतें आहेत; तें असो. ती जमीन त्यांनीं विकत घेतलेली होती, हा भेद मामंजींनीं लगेच दाखविला, आणि तो खराच आहे. ज्यांना कोणी रमाबाई भेटली नाहीं त्यांनीं पाल कोठें ठोकावें, याचें उत्तर मात्र त्या भेदांत सांपडत नाहीं.

माझ्या मनांत राहून राहून येत होत्या त्या ऊसतोड्यांच्या कोप्या. दिवाळीच्या सुमारास बीडकडून माणसें येतात, शिवारांत कोप्या घालतात. त्यांचींही मुलें उघड्यावर, तोच धूर, पाण्याची तीच ओढाताण. पण ऊस वेळेवर तुटावा म्हणून आपणच त्यांची वाट पाहतों. त्यांच्याविरुद्ध अर्ज आल्याचें मला आठवत नाहीं. हें मी बोलून गेलें तेव्हां सासूबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. रागानें कीं कसें, कळलें नाहीं.

मामंजींनीं अर्जाखालीं स्वतःच्या अक्षरांत एक ओळ वाढविली : प्रथम पाण्याची सोय असलेली जागा नेमून द्यावी, आणि दिवाळीपर्यंत कोणास हलवूं नये. मग सही केली. अर्ज आणणाऱ्या गृहस्थांस तें रुचलें नाहीं. त्यांनीं दुसरा कागद लिहून घेतला असें मागाहून ऐकलें. त्यावर आमच्या घरची सही नाहीं.

पालें अजून तेथेंच आहेत, नळावरची गर्दीही. सासूबाई हल्लीं धुणें दिवेलागणीपूर्वींच आंत घेतात.