पडल्यानंतरचे उड्डाण

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी सकाळी, अंबड रस्त्यावरच्या आमच्या मोसंबीच्या बागेत, माझा ड्रोन आकाशातून पडला. तो साधारण २५ मीटर उंचीवर होता. चार पंख्यांपैकी एक अचानक थांबला, यंत्र स्वतःभोवती गरगरले आणि दगडासारखे खाली आले. ते पाहण्यासाठी सालगड्याची सात वर्षांची मुलगी धावत आली होती. तिच्यापासून पाच-सहा पावलांवर ते आदळले. मुलगी हसली, तिला तो खेळच वाटला. मी मात्र बांधावर मटकन बसलो. २५ मीटरवरून पडणारी वस्तू सव्वादोन सेकंदांत जमिनीवर येते, आणि हवेचा अडथळा सोडला तर त्या क्षणी तिचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास असतो. हा हिशेब मी त्या दिवशी घरी येईपर्यंत मनात पुनःपुन्हा करीत होतो.

पन्नाशी उलटल्यावर, तीस वर्षे नाडी पाहण्यात घालवलेल्या माणसाने हा नाद कशाला लावून घ्यावा, असे आपल्याला वाटेल. त्याचे कारण आमचे वडील. त्यांना सारे घर अण्णा म्हणते. ते आता ८४ वर्षांचे आहेत. ही बाग त्यांची. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कितीतरी मोसंबीच्या बागांचे सरपण झाले, त्यांत आमचीही होती. पुढे पाऊस झाल्यावर अण्णांनी ती पुन्हा लावली. त्यानंतर रोज एक फेरी बागेतून मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मात्र ड्रोन पडण्याच्या चार महिने आधी, पावसाळ्यात, अण्णा न्हाणीघरात पडले. हाड मोडले नाही, डोक्याला मार लागला नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी उंबरठा ओलांडणे सोडले. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत, तेही भिंत धरून, एवढेच त्यांचे जग उरले. मग दर रविवारी मी ड्रोनने बागेचे चित्रण करावे आणि संध्याकाळी घरच्या टीव्हीवर अण्णांना ते दाखवावे, असा आमचा नेम झाला. कोणत्या ओळीत झाडे पिवळी पडली आहेत, कुठे ठिबकची नळी फुटली आहे, हे ते खाटेवरून सांगत.

यंत्र दुरुस्तीला छत्रपती संभाजीनगरला पाठवले. कारागिराने बंद पडलेली मोटार उघडून दाखवली. आत काळ्या मातीची बारीक धूळ बसली होती आणि बेअरिंग झिजले होते. "डॉक्टर, तुम्ही हा नांगरलेल्या रानातूनच उडवत असणार," तो म्हणाला. खरेच होते. उड्डाण करताना पंखे खालची धूळ वर उडवतात आणि ती मोटारीत जाते. बिघाड यंत्रात झाला होता, पण त्याचे मूळ माझ्या सवयीत होते. मोटार बदलली, बाकीच्या तीन तपासल्या, आणि फेब्रुवारीत ड्रोन घरी आला.

तो एप्रिलपर्यंत पेटीतच राहिला. एका रविवारी वारा होता, दुसऱ्या रविवारी रुग्ण जास्त होते, तिसऱ्या रविवारी ऊन. प्रत्येक वेळी 'आज नको' असे ठरले की छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटे. हा सुटकेचा आनंद फसवा असतो, हे वैद्यकीय शिक्षणाने मला शिकवले होते. ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळली की क्षणभर बरे वाटते, आणि ते बरे वाटणेच पुढच्या वेळी टाळण्याची ओढ वाढवते. रुग्णांना मी हे शेकडो वेळा समजावले असेल. स्वतःवर वेळ आली तेव्हा ते ज्ञान पेटीच्या कडीपर्यंतही पोहोचले नाही.

अखेर अण्णांनीच विषय काढला. मी नेहमीप्रमाणे त्यांना म्हणालो, "अण्णा, काही झालेलं नाही तुम्हाला. घाबरू नका, जरा ओट्यापर्यंत चला." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "तुझं यंत्रसुद्धा दुरुस्त होऊन आलंय ना? मग ते का उडत नाही?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. रात्री विचार करू लागलो तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि तिची लाज वाटली. ड्रोन का पडला हे शोधायला मी तो दुसऱ्या शहरी पाठवला. अण्णा का पडले, हे मात्र मी शोधलेच नव्हते. 'फरशी ओली होती' एवढ्यावर मी, एक डॉक्टर, समाधान मानले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा रक्तदाब आधी झोपलेल्या स्थितीत आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजला. वरचा आकडा १४६ वरून ११२ वर आला. उभे राहिल्यावर तो २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडू शकतो. रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी अण्णा रात्री एकदमच घेत होते, आणि पहाटे लघवीसाठी झटकन उठत होते. त्यांना उपचार देणाऱ्या तज्ज्ञांशी बोलून गोळ्यांचे प्रमाण आणि वेळा बदलल्या. उठताना आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसायचे, हा नियम ठरला. न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवला. अण्णांच्या भीतीला मी इतके दिवस मनाचा दुबळेपणा समजत होतो. त्या भीतीत एक खरी बातमी होती आणि ती मी ऐकली नव्हती.

माझ्या भीतीतही खरी बातमी होती. खाली माणसे असताना यंत्र उडवू नये, ही ती बातमी. तिचा मी नियम केला: बागेत माणूस असेल तर त्याच्या डोक्यावर ड्रोन जाणार नाही, आणि मुले बांधाच्या पलीकडे थांबतील. उड्डाण नेहमी ताडपत्रीवरून होईल. भीतीतला खरा भाग असा नियमात गेला की उरलेल्या भागाशी झगडणे सोपे जाते.

या कामी मला वाट दाखवली ती एका 'ड्रोन दीदी'ने. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. महिलांच्या १५,००० बचत गटांना फवारणीचे ड्रोन देणे, किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये, साहाय्य आणि निवडलेल्या महिलेला १५ दिवसांचे प्रशिक्षण, असे तिचे स्वरूप. अशी एक महिला आपल्या सासूबाईंची साखर तपासायला माझ्याकडे येते. मी संकोचत माझी गोष्ट तिला सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "डॉक्टर साहेब, आमचं मशीन बी एकदा मधेच बंद पडलं व्हतं. नीट होऊन आलं तरी माझे हात थरथरायचे. मग मी आठ दिवस औषध भरलंच नाही. टाकीत नुसतं पाणी भरायचं आन् रिकाम्या वावरात उडवायचा. पाणीच सांडणार, काय बिघडतंय?"

तिचे बोलणे ऐकताना मला एक जुनी प्रश्नावली आठवली. १९९० साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांची पडण्याची भीती मोजण्याची एक पद्धत मांडली. 'तुम्हाला भीती वाटते का?' असा ढोबळ प्रश्न तीत नाही. अंघोळ करणे, खुर्चीतून उठणे, कपडे घालणे, घरात फिरणे अशी रोजची दहा कामे तीत आहेत, आणि प्रत्येक काम न पडता करता येईल याची किती खात्री वाटते, हे १ ते १० अंकांत सांगायचे असते. १ म्हणजे पूर्ण खात्री, १० म्हणजे मुळीच नाही. या पद्धतीमागे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा विचार आहे. आत्मविश्वास हा एकसंध गुण नसून कामागणिक वेगळा असतो, आणि तो सर्वांत जास्त वाढतो तो प्रत्यक्ष जमलेल्या कृतीने, असे त्यांनी १९७७ पासून मांडले.

मी एका कागदावर दोन रकाने आखले. एक अण्णांचा, एक माझा. बॅटरी भरून पंखे हाताने फिरवून पाहणे, याला मी १ अंक दिला. जमिनीवरच मोटारी चालू करून बंद करणे, ४. कंबरेइतक्या उंचीवर एक मिनिट स्थिर ठेवणे, ७. पंचवीस मीटरवर नेऊन बागेची एक फेरी, १०. अण्णांच्या रकान्यात खुर्चीतून हात न टेकता उठणे, ओट्यापर्यंत जाणे, फाटक, गल्लीतला कडुलिंब आणि शेवटी बाग. नियम असा की एक पायरी वेगवेगळ्या तीन दिवशी जमल्याशिवाय पुढची चढायची नाही, आणि एखाद्या दिवशी नाहीच जमले तर एक पायरी खाली उतरायचे. अण्णांनी कागद वाचला आणि म्हणाले, "हे मला ठाऊक आहे. दुष्काळानंतर पहिल्या वर्षी मी चाळीसच कलमं लावली होती."

पहिल्या सकाळी मी फक्त मोटारी चालू केल्या. तो आवाज ऐकताच छाती धडधडू लागली, तळहाताला घाम आला. हे शरीराचे नैसर्गिक उत्तर आहे, ते दोन-चार मिनिटांत ओसरते, हे ठाऊक होते. म्हणून तिथेच उभा राहिलो आणि श्वास सावकाश सोडत गेलो. पुढच्या आठवड्यात ड्रोन कंबरेइतका उचलला. वाऱ्याच्या झुळकीने तो किंचित हलला, तशी शेजारी उभ्या असलेल्या पुतण्याने हात पुढे केला. "काका, द्या इकडं, मी उतरवतो." त्याच्या बोलण्यात माया होती. मी रिमोट त्याच्या हाती जवळजवळ दिलाच होता. दिला असता तर यंत्र सुखरूप उतरले असते आणि माझी भीती मात्र वाढली असती. मी मानेनेच नाही म्हटले आणि स्वतः उतरवला. त्या क्षणी मला कळले की अण्णा खुर्चीतून उठू लागले की आम्ही सारे धावून त्यांचा दंड धरतो, तेव्हा त्यांना काय वाटत असेल.

वृद्धांची काळजी घेणाऱ्या माझ्या वाचकांना हीच गोष्ट मनापासून सांगायची आहे. आधार जवळ असावा, पण गरजेपूर्वी देऊ नये. शेजारी, अर्ध्या पावलावर मागे उभे राहावे; तोल जातो आहे असे दिसले तरच धरावे. 'पडाल, बसा' या दोन शब्दांनी घरातले माणूस हळूहळू खाटेला खिळते, स्नायू आणखी कमजोर होतात, आणि मग पडण्याची भीती खरी ठरते. त्याच वेळी 'घाबरू नका' म्हणून विषय संपवूही नये. पडणे हे लक्षण समजावे आणि डॉक्टरांना सांगावे. उभे राहिल्यावरचा रक्तदाब, चालू असलेल्या सर्व गोळ्या, डोळ्यांतील मोतीबिंदू, पायांतील बधिरपणा, चपला, रात्रीचा उजेड हे सारे एकदा तपासून घ्यावे. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. डोक्याला मार लागला असेल, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर वरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आम्हा दोघांनाही कागदाच्या तळापर्यंत पोहोचायला अडीच महिने लागले. मे महिन्यात अण्णा एकदा पुन्हा दोन पायऱ्या खाली गेले. घरात लग्न होते, सराव तुटला. मीही एका वादळी संध्याकाळनंतर आठवडाभर मोटारी चालू करण्यावरच राहिलो. त्याचे आम्ही वाईट वाटून घेतले नाही. जूनच्या अखेरीस, पहिला पाऊस पडून गेल्यावर, आम्ही अण्णांना गाडीत घालून बागेत नेले. ते काठी टेकत बांधावर उभे राहिले. मी ताडपत्री अंथरली, चारही पंखे हाताने फिरवून पाहिले आणि ड्रोन वर नेला, अण्णांपासून दूर, मोकळ्या रानावरून. पंचवीस मीटरला माझ्या तळहाताला घाम आलाच. तो अजूनही येतो.

अण्णांनी पडद्यावर बाग पाहिली. मग बोट ठेवून म्हणाले, "या चौथ्या ओळीत पानं गुंडाळलेली दिसतात. हे वरून कळायचं नाही." आणि काठी पुढे टाकून ते ओळीच्या दिशेने चालू लागले. मी ड्रोन उतरवला, रिमोट ताडपत्रीवर ठेवला आणि अर्ध्या पावलावर मागे राहून त्यांच्याबरोबर निघालो.