काकतालीय

आमच्या माजघरांतील कॅलेंडरावर दुधाच्या हिशेबाशेजारीं तांबड्या पेन्सिलीच्या फुल्या आहेत. एक फुली म्हणजे माझ्या धाकट्या बंधूस आलेला डोकेदुखीचा एक झटका.

दुखणें नेहमीं डाव्याच डोळ्यामागें. डोळा लाल होऊन गळूं लागतो, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. अर्धशिशीचा रोगी अंधारांत निपचित पडतो. ह्याला पडवतच नाहीं. येरझारा घालतो, भिंतीवर कपाळ दाबतो. पहिलीं दोन वर्षें मी ह्यास अधीरपणा समजलों, आणि मास्तरकीच्या सवयीनें ‘जरा धीर धरावा माणसानें’ असें बोललोंही. तें आठवलें कीं अजून लाज वाटते.

डॉक्टरांनीं नांव सांगितलें, क्लस्टर हेडेक. एक झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकतो. संख्या दिवसाआड एकापासून दिवसांत आठांपर्यंत. बहुतेकांस कांहीं आठवडे त्रास होऊन पुढें महिनेच्या महिने सुटका मिळते. वर्ष उलटलें तरी ज्यांस सलग तीन महिन्यांची सुटका लाभत नाहीं, त्यांचा रोग जुनाट म्हणावयाचा. बंधु ह्या वर्गांतला.

परंतु जुनाट म्हणजे एकसारखा नव्हे, हें फुल्यांनीं शिकविलें. गेल्या आषाढांत एका आठवड्यांत ४१ फुल्या. श्रावणांत ११ दिवस कागद कोरा! त्याच सुमारास एका वैद्यांचें नस्य सुरू झालें होतें. आईनें देवापुढें साखर ठेवली. बंधु म्हणाला, ‘‘दादा, आतां त्या गोळ्या कशाला?’’ आणि जन्मभर मुलांस काकतालीय न्याय समजावून सांगितलेल्या मींच मान डोलावली. डॉक्टरांस न विचारतां व्हेरापामिल बंद झालें. बाराव्या रात्रीं झोप लागून दीड तास होतो न होतो तोंच तो ओरडत उठला. त्या रात्रीं तीन फुल्या, दुसऱ्या दिवशीं सात.

गोळ्या थांबल्यामुळें कीं लाट आपसूक परतल्यामुळें? आजही सांगतां येत नाहीं. डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं मागील पानें मागितलीं. चार महिन्यांपूर्वींही, नस्य नसतांना, नऊ दिवस कोरे होते! तें आमच्यापैकीं एकाच्याही लक्षांत राहिलें नव्हतें. हृदयाचा आलेख काढून गोळ्या पुन्हां हळूहळू चढविल्या, आणि घरीं प्राणवायूची नळकांडी आली.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत अर्धावभेदक पंधरवड्यानें, दहा दिवसांनीं अथवा अकस्मात् येतो, असें म्हटलें आहे. तें दुखणें हेंच, असा माझा आग्रह नाहीं. पण तो ‘अकस्मात्’ शब्द मला प्रामाणिक वाटतो. १९९८ सालीं झटका चालू असतांना घेतलेल्या मेंदूच्या चित्रांत हायपोथॅलॅमस हा भाग चेतलेला दिसला. शरीराचें घड्याळही त्यांतच असतें. असो.

आतां फुलीशेजारीं मी वेळही लिहितों. काल रात्रीं दोन झाल्या. दुसरीच्या वेळीं भावजयीनें मास्क बांधला, मीं घड्याळ धरलें. चौदा मिनिटें लागलीं.